फॉस्फेट शून्य

नवऱ्याचं सगळं आयुष्य शिरोलीच्या फाउंड्रीत गेलं, लॅब सांभाळण्यात. ओतीव लोखंडात फॉस्फरस वाढला की माल ठिसूळ होतो, हे मी लग्नापासून ऐकत आले आहे. निवृत्तीनंतर त्यांनी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी मांडली आणि तिथेही वैर धरलं ते फॉस्फरसच्याच क्षाराशी, फॉस्फेटशी.

टाकीत दोन मासे आणि एका दगडावर हिरव्या बटणांसारखे प्रवाळ. माशांचं उरलेलं खाणं आणि विष्ठा यांतून पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट वाढतं आणि मग शेवाळ माजतं. म्हणून यांनी फिल्टरमध्ये फॉस्फेट शोषणाऱ्या दाण्यांची पिशवी ठेवली आणि माशांचं खाणं चिमटीवर आणलं. फॉस्फेट असलं की तपासणीच्या नळीत पाणी निळं होतं; ते झालं नाही की स्वारी खूश.

"बघ, शून्य! एवढा चोख माल कंपनीतनं कधी निघाला न्हाय."

इकडे बटणं मिटत चालली. हिरवा रंग उतरून मेणचट झाला. कडेचं एक तर गळूनच पडलं. दगड असाच ओस पडणार, असं वाटून मला स्वस्थ बसवेना. भाकरी तव्यावर टाकायची, टाकीपाशी जायचं, पुन्हा ओट्यापाशी यायचं. भाकऱ्या करपल्या.

"अहो, उपाशी आहेत ती."

"उपाशी कशानं? उजेडावर जगत्यात ती."

"नुसत्या उजेडावर ऊस येतो का? खत लागत नाही?"

"मग घाल की युरियाचं पोतं!"

"चेष्टा पुरे. हे लोखंड नाही, जिवंत आहे."

त्यांनी पुन्हा टाकीतलं पाणी काढलं. नायट्रेट तपासलं, तेही शून्य; म्हणजे खताचा कणही नाही. नळी खाली ठेवली. मग बाही सारून पिशवी बाहेर काढली. मी लगेच डबा उघडून खाणं ओतायला निघाले, तर मनगट धरलं.

"एकदम न्हाय. एका वेळी एकच बदल. तपासायचं, मग पुढचा."

त्यांच्या लॅबची ही रीत मला मान्य होती, सोसत नव्हती. रोज चिमूटभर खाणं वाढवलं, रोज दगड न्याहाळला. शेवटी एकदा नळीत फिकट निळी झाक आली. नापास नमुन्याकडे बघावं तसे ते तिच्याकडे बघत राहिले. काचेवर शेवाळाची पुसट साय धरली होती. ती फडक्याने निपटून मी आत डोकावले. कडेची चार बटणं उघडली होती. मधली अजून मिटलेलीच.

"आणखी एक चिमूट घालू?"

"थांब की जरा!"

मी डबा काही खाली ठेवला नाही.