उबेला थांबणारं औषध

माणिकअण्णाची बातमी आली तेव्हा मी उदगीरच्या स्टँडवर कंडक्टरला सांगत होतो की, बीदरच्या उन्हाळ्यात किल्ल्यावरचे कावळेसुद्धा सावली भाड्यानं घेतात. तेवढ्यात बीदरच्या गाडीतून अण्णाचा पुतण्या उतरला. “काका, अण्णा गेले.” कंडक्टर अजून हसतच होता... महिना होत आला त्याला.

बीदरला, मैलूरच्या पुढं, औषधांचा एक छोटा कारखाना होता. अण्णा तिथला केमिस्ट, मी विक्रीवाला. औषध तो करायचा, त्याचे गुण मी वाढवायचो. पण त्याचा जीव औषधापेक्षा पोलोक्झॅमर नावाच्या पांढऱ्या दाण्यांवर. साबणाच्या लांबच्या नात्यातली वस्तू. एका टोकानं पाण्याला धरते, दुसऱ्यानं तेलाला, आणि दोघांना एका बाटलीत नांदवते. रोग बरा करत नाही, म्हणून कागदोपत्री ‘निष्क्रिय’.

“म्हणजे आपल्या मॅनेजरसारखं,” मी म्हणायचो.

“न्हाई रे. ह्याच्यावाचून काम अडतंय.”

मग त्याच्या बायकोला, शकूअक्काला, तोंडाचा कॅन्सर झाला. हैदराबादला किरणांचा शेक दिल्यावर तोंड आतून सोलून निघालं. बधिर करायचं औषध जिभेवर टेकायच्या आत घशाखाली उतरायचं. चार घास खाणंही होईना. अक्का एकदा म्हणाली, “इतकी औषधं करायलाव, तोंडात जरा थांबंल असं एक करा की.”

डॉक्टरांना विचारून अण्णा कामाला लागला. आपण सगळे करतो तेच त्यानं केलं, पोलोक्झॅमर विरघळावं म्हणून पाणी उकळलं. दाण्यांचा गोळा झाला. ह्या वस्तूचं सगळंच उलटं... गारठ्यात पातळ, अंगाच्या उबेला घट्ट. त्यात ऐन उन्हाळा आणि वीज गायब. अण्णानं आईसकांडीवाल्याकडून इतका बर्फ उचलला की त्या वर्षी बीदरच्या पोरांनी नुसतं रंगीत पाणी चोखलं, असं मी पार लातूरपर्यंत सांगत फिरलो.

पुढचं मात्र मला कधी वाढवता आलं नाही. अण्णानं त्या पातळ द्रवात बधिर करायचं औषध मिसळून गार चमचा तिच्या तोंडात रिकामा केला. “गिळू नको, शकू.” ती डोळे मिटून बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “थांबलंय.” त्या दिवशी तिनं ताकात कुस्करलेली भाकरी खाल्ली, आणि अण्णा रिकामं भांडं पुन्हा पुन्हा विसळत राहिला.

पाऊस लागायच्या आत अक्का गेली. उरलेली बाटली फ्रिजमध्ये राहिली ती राहिलीच. मी म्हणायचो, “टाक की आता.”

“कामून? एका कोपऱ्यात पडलंय. तुझं काय खायलंय?”

तेराव्यानंतर पुतण्यानं फ्रिज रिकामा केला आणि ती बाटली माझ्या हातात ठेवली. आत पाण्यासारखं डुचमळत होतं. मी उंबऱ्यावर बसलो, बाटली दोन्ही मुठींत धरली.

“काका, काय करायलाव?”

मी बाटलीला हातांची ऊब लागू दिली. मग बाटली हळूच आडवी केली...

थांबलं होतं.