टाकीतले जीव

आमच्या जिन्यातले दिवे माझ्या आत्याने घालवले, हे अंगणात जमलेल्या आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. आणि सांगितलं कुणी? खुद्द आत्याने, कुणी विचारायच्या आत.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहिली. सगळी नोकरी इस्पितळात, ऑपरेशनची हत्यारं उकळून निर्जंतुक करण्यात गेली. "माझ्या ट्रेमधल्या चिमट्याने कुणाची जखम चिघळली नाही," ही तिची एकुलती एक बढाई, आणि ती खरी होती. सगळ्यांनी आशा सोडलेला एखादा पेशंट तगला, की घरी येऊन चपला काढता काढता ती एवढंच म्हणायची, "जगला." मग त्या दिवशी तिचा आवाज जरा मऊ असायचा. बाकी घरातही इस्पितळाचाच खाक्या. बाहेरून आल्यावर हात न धुता पाण्याच्या भांड्याला शिवायची बाबांचीसुद्धा छाती नव्हती. इमारतीतली पोरं तिला फिनेलआत्या म्हणायची, आणि तिला तो मान वाटायचा.

पुढे आमच्या जिन्याची जुनी वायरिंग जळाली. भिंतींत इतकी ओल, की पुन्हा तारा ओढायला कुणी तयार होईना. तेव्हा एक इंजिनीअर मुलगी आली. तिने अंगणात टाकी पुरली आणि सगळ्या घरांतलं भांड्यांचं, आंघोळीचं, कपड्यांचं पाणी तिच्यात सोडलं. आम्ही तिला टाकीताईच म्हणू लागलो. टाकीत काळ्या कांड्या उभ्या केल्या होत्या.

"या कांड्यांवर जंतू वस्ती करतात," ती म्हणाली. "ते तुमची घाण खातात आणि खाता खाता वीज सोडतात."

आम्ही तिच्या तोंडावर हसलो. पण काही आठवड्यांनी जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक छोटा दिवा लागला आणि मी चाट पडले. मी खरकटी भांडी विसळायची, आणि त्याच पाण्याच्या उजेडात मला कुलपाचं भोक दिसायचं! जग काहीही सांगो, मला ते आजही खरं वाटत नाही.

आत्याला बसला तो धक्का निराळा.

"जंतू पाळलेत? पोरं खेळतात त्या अंगणात?"

"आत्या, ते चांगले जंतू आहेत."

"चांगले जंतू! उद्या म्हणशील, सभ्य दरोडेखोर."

त्याच सुमारास ती निवृत्त झाली. इस्पितळ सुटलं, पण हात स्वस्थ बसेनात. घरातली फरशी दिवसातून तीनदा पुसून व्हायला लागली. आणि इकडे जिन्यातले दिवे मिणमिणायला लागले, मग एक दिवस पार विझले. "घाणीतून कसला उजेड यायचा? मी म्हटलंच होतं," आत्या म्हणाली. आम्हीही माना डोलावल्या.

त्याच आठवड्यात, दिवेलागणीला, वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका शिवलेल्या कपड्यांचा गठ्ठा दोन्ही हातांत घेऊन खाली निघाले आणि अंधारात पायरी चुकले. धप्प आवाज झाला. सगळ्यांत आधी पोचली ती आत्या. कोपर फाटलं होतं, उजवं मनगट मोडलं होतं. कात्री चालवायचा हात. आत्याने उकळून ठेवलेला कपडा बांधला, तेव्हा शिंपीकाका कण्हत म्हणाले, "बाई, मला वाटलं मीच आंधळा झालो."

टाकीताईला बोलावणं गेलं. ती आली तेव्हा शिंपीकाका गळ्यात प्लास्टरचा हात अडकवून अंगणात उभे होते. तिने झाकण उघडून पाणी तपासलं, एक कांडी बाहेर काढली आणि खालीच बसली.

"एकही जिवंत नाही," ती म्हणाली. "यात ब्लीचिंग पावडर पडलीय. थोडीथोडकी नाही, खूप."

आम्ही एकमेकांकडे संशयाने बघायला लागणार, तोच आत्या पुढे झाली.

"मी टाकली. रोज पहाटे, झाकण उचलून. पोरांना काही होऊ नये म्हणून."

एकाच घरात राहून मला पत्ता नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"आत्या, टाकीताईंनी सांगितलं नव्हतं का, जंतूंनीच वीज होते म्हणून?" मी ओरडलेच.

"सांगितलं होतं. मला खोटं वाटलं." ती शिंपीकाकांच्या प्लास्टरकडे बघत राहिली. "म्हणजे हा हात मी मोडला."

मला तिचा भयंकर राग आला होता. पण जिच्या हातून कधी कुणाला साधी इजा झाली नाही, त्या बाईच्या तोंडी हे ऐकून मला रडू आलं.

"परत जगवता येतील?" तिने टाकीताईला विचारलं.

"दुसरीकडचा चांगला गाळ आणून टाकते. पण वेळ लागेल. आणि पावडर, फिनेल, औषधाचा थेंबसुद्धा नको."

दुसऱ्या दिवसापासून आत्या शिंपीकाकांच्या कोपराची पट्टी बदलायला वर जाऊ लागली. जखम धुतलेलं औषधाचं पाणी ती आमच्या मोरीत ओतेना. झाकलेल्या बादलीतून थेट रस्त्यावरच्या गटारापर्यंत नेऊन ओतायची. मग बादली घरात ठेवून पुन्हा अंगणात यायची आणि टाकीचं झाकण उचलायची. मी धावत बघायला जायची, तर तिच्या हातात उष्ट्या पाण्याचं पातेलं असायचं. "खा रे मेल्यांनो," म्हणत ती ते आत सोडायची, आणि मग घरी येऊन कोपरापर्यंत हात धुवायची. सवय ती सवय.

टाकीताई येऊन जायची, कांड्या बघायची, नाही म्हणून मान हलवायची. शिंपीकाकांचं प्लास्टर निघालं तरी दिवे लागले नव्हते. कात्री अजून त्यांच्या हातात नीट बसत नव्हती. संध्याकाळी ते खाली उतरायला निघाले, की आत्या बॅटरी घेऊन त्यांच्या पुढे चालायची. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी नको म्हटलं, तर ऐकायची नाही.

एका संध्याकाळी मी त्यांच्या मागेच होते. मधल्या वळणावर शिंपीकाका थबकले. भिंतीवरचा दिवा लागला होता. अगदी फिकट, पण लागला होता. खालच्या पायरीची कड दिसत होती.

आत्याने हातातली बॅटरी विझवली.

"जगले," ती म्हणाली.