काटेवाल्या काकूंची बिनपाण्याची हजामत

देवाने काटेवाल्या काकूंचा आवाज दुसऱ्याच कुणासाठी घडवला असणार, आणि गर्दीत चुकून तो काकूंच्या गळ्यात पडला.

माझ्या किल्ल्यांच्या टपरीला लागून, बसथांब्याच्या अलीकडे त्या वजनकाटा मांडून बसायच्या. माणसाने काट्यावर उभं राहायचं, काकूंनी चष्मा कपाळावर सरकवून वाकून आकडा वाचायचा आणि सांगायचा. काम एवढंच. घोटाळा होता तो सांगण्यात. काका, म्हणजे त्यांचे यजमान, छापखान्यात होते. यंत्रांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले आणि त्यांच्याशी संसार करता करता काकूंचा खालचा स्वर गेला. त्यामुळे "अठ्ठ्याऐंशी!" म्हटलं की काट्यावरचा माणूस चटका बसल्यासारखा खाली उडी मारायचा, आणि समोरचा औषधवाला गल्ल्यावरून मान वर करून अठ्ठ्याऐंशी कोण ते बघायचा.

तरी लोक यायचे. कारण वजन उतरलं तर काकू त्याच आवाजात "शाब्बास! दोन किलो गेले!" म्हणायच्या, आणि अख्खा बसथांबा त्या माणसाकडे आदराने बघायचा. असा मान घरी कोण देतो?

पण एका संध्याकाळी एक सद्गृहस्थ बायकोला घेऊन आले. मोठ्या ऐटीत काट्यावर चढले.

"ब्याण्णव!" काकूंनी जाहीर केलं.

बायको म्हणाली, "गोड सोडलंय ना तुम्ही?"

गृहस्थ काट्यावरून उतरून तडक चालू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पालिकेत तक्रार ठोकली. लगोलग निरीक्षक गाडी घेऊन हजर. आम्हा सगळ्यांचे परवाने होते. काकूंचा नव्हता, कारण त्या काही विकतात असं त्यांच्यासकट कुणालाच कधी वाटलं नव्हतं. काटा गाडीत गेला. काकू रस्त्यावर उभ्या राहून त्या गाडीकडे अशा बघत होत्या, जणू लेकच सासरी चालली आहे.

सकाळी मी टपरी बंद ठेवून त्यांच्याबरोबर परवाना खात्यात गेलो. खिडकीमागे एक कारकून होता, स्वभावाने गरीब.

"काय विकता?"

"काहीच नाही," काकू म्हणाल्या. रांगेतले सगळे वळून बघायला लागले.

"मग परवाना कशाला?"

"मग माझा काटा का नेलात?"

"परवाना नव्हता म्हणून."

"तर मग द्या परवाना!"

"अहो, पण काय विकता ते कळल्याशिवाय कसा देऊ?"

हे असं गोल गोल बराच वेळ चाललं. मागचे लोक कुरकुरायचे सोडून मजा बघायला लागले. शेवटी कारकुनाने घाम पुसून प्रकार वाचायला घेतले: खाद्यपदार्थ, भाजी-फळं, कपडे, दुरुस्ती, केशकर्तन व अंगसेवा. तिथे त्याचं बोट थांबलं.

"अंगाशी संबंध येतो ना तुमचा?"

"अंगाचंच वजन करते. कपडे फुकट."

"झालं तर मग!" म्हणून त्याने शिक्का मारला. काकू पालिकेच्या दप्तरी केस कापणाऱ्या झाल्या. पदरी पडलं, पवित्र झालं म्हणून आम्ही काटा सोडवून आणला.

पण परवान्यामागे अटी होत्या. निरीक्षक आठवड्यात आले आणि म्हणाले, "आरसा कुठाय? टॉवेल? केसांसाठी झाकणाचा डबा?"

माणूस वाईट नव्हता. कागदावर जे आहे ते जमिनीवर दिसलं पाहिजे, एवढंच त्याचं वेड. काकूंनी घरच्या कपाटाचा आरसा उतरवून माझ्या टपरीच्या खांबाला टांगला. पांढरा टॉवेल आला, त्याने काटा पुसला जाऊ लागला. डबा आला. आरशाचा उलट फायदाच झाला. माणसं वजन ऐकायची, मग आरशात तोंड बघायची, पोट आत घ्यायची आणि पुन्हा काट्यावर चढायची.

पुढच्या खेपेला निरीक्षकांनी डब्याचं झाकण उघडलं. "केस नाहीत."

"कुणाचे असणार?"

"म्हणजे धंदा बंद आहे. बंद धंद्याचा परवाना रद्द होतो, काकू."

काकू माझ्याकडे वळल्या. "किल्लीवाले, आता केस कुठून आणू? घरात तर दुष्काळ आहे."

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने हसत हसत पिशवीभर केस दिले. जपून चिमूटभर टाकावेत, तर काकूंनी अख्खी पिशवी डब्यात रिकामी केली. काळे, पांढरे, मेंदीचे लाल, सगळे. निरीक्षकांनी झाकण उघडलं आणि ते दोन पावलं मागे सरकले.

"एवढा धंदा? मग तुमची कौशल्य चाचणी झाली का? बिनचाचणीचं कुणाच्या डोक्याला कात्री लावता येत नाही."

आगीतून निघून फुफाट्यात म्हणतात ते हेच. खरं सांगावं तर परवाना जातो, खोटं रेटावं तर कात्री हातात येते. काकूंनी कात्री घेतली. सलूनवाल्याने आदल्या संध्याकाळी ती धरायची कशी ते दाखवलं आणि जाताना माझ्या कानात म्हणाला, "कान सांभाळायला सांगा."

चाचणी पालिकेत होती आणि गिऱ्हाईक आपलं आपण न्यायचं होतं. घरचं असं डोकं एकच. काकांचं मधलं रान केव्हाच उजाड झालं होतं, कडेने तेवढं पांढरं कुंपण उरलं होतं. ते निमूटपणे खुर्चीत बसले. समोर अधिकारी बाई, शेजारी निरीक्षक, दारात मी.

काकूंनी कात्री उचलली आणि काकांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "मान खाली!"

खोलीतल्या झाडून सगळ्यांनी माना खाली घातल्या. अधिकारी बाईंनीसुद्धा.

"हलू नका!"

बाहेर टाइप करणाऱ्याची बोटं थांबली. शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारात होता तसाच उभा राहिला.

काकूंनी डावीकडचं कुंपण कापलं. ते उजवीकडच्यापेक्षा वर गेलं. मग उजवीकडचं बरोबरीला आणलं, ते आणखी वर गेलं. असं दोन्ही बाजू एकमेकींची बरोबरी करत करत टाळूपर्यंत पोहोचल्या आणि भांडण मिटलं, कारण भांडायला काही शिल्लकच राहिलं नाही. कान मात्र दोन्ही शाबूत होते.

अधिकारी बाईंनी फायलीमागे तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. जरा वेळाने त्या गंभीर चेहऱ्याने बाहेर आल्या. "काकू, खरं सांगा. तुम्ही करता काय?"

काकूंचे डोळे भरून आले होते. आपण केलेलं डोकं त्यांना बघवत नव्हतं. "वजन करते हो बाई! दुसरं काही येत नाही मला!"

पहिल्यापासून सगळं सांगितलं त्यांनी. ते दोन्ही मजल्यांवर ऐकू गेलं.

बाई निरीक्षकांकडे वळल्या. "तुम्हाला तिथे काटा दिसला नाही?"

"दिसला, मॅडम. पण परवान्यात नव्हता."

प्रकार बदलायचा म्हणजे नवा अर्ज, नवी सभा, नवा ठराव. बाईंनी थोडा विचार केला आणि त्याच परवान्यावर हाताने एक शब्द लिहून सही केली. तेव्हापासून काकूंचा परवाना असा आहे: केशकर्तन व अंगसेवा, वजनासह.

काकू घरी जाईपर्यंत काकांशी बोलल्या नाहीत. लाज वाटत होती. काका मात्र सगळ्या रस्त्याने डोक्यावरून हात फिरवत होते, मधेच थांबून दुकानांच्या काचांत बघत होते.

काही आठवडे गेले. एका दुपारी काका टपरीवर आले, माझं स्टूल ओढलं, आरशापुढे ठेवलं आणि बसले.

"काय?" काकूंनी विचारलं.

"वाढलेत," काका म्हणाले.

"सलूनमध्ये जा की! माझ्या हातून काय झालं होतं आठवतंय ना?"

"हात हलका आहे तुझा," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

काकूंनी आरशातून त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग टॉवेल झटकून त्यांच्या खांद्यावर घातला. तेवढ्यात एक जाडसर बाई काट्यावर चढल्या आणि घाईने म्हणाल्या, "अहो काकू, बघा ना, माझी बस येईल."

"थांबा," काकू म्हणाल्या. "आधीचं गिऱ्हाईक हातात आहे."