लाल कापडातले मोर

शिरूरच्या ज्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो, त्याचा एक नियम होता. नवं पुस्तक आधी बाइंडरकडे जायचं, मग वाचकाकडे. नियम चांगलाच होता. जाड पुठ्ठा चढवलेली पुस्तकं वीस-वीस वर्षं चालत.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. माझी बायको घराजवळच्या समाजमंदिरात बालवाडी चालवायची. तिचं माहेर दौंडचं. तिथल्या रेल्वे वसाहतीतली मुलं चित्रांची पुस्तकं हाताळताना तिने पाहिली होती. इथे तिच्याकडे तीस मुलं होती आणि पुस्तक एकही नव्हतं. त्या वर्षी वाचनालयाने मुलांसाठी पहिल्यांदाच पैसे बाजूला काढले आणि तिने सुचवलेली पुस्तकं पुण्याहून मागवली. चित्रांची बारा, प्रत्येकी सोळा पानांची, आणि बालशिक्षणावरची दोन जाड, मोठ्यांसाठी. आमचे अध्यक्ष आप्पा बाजारात धान्याची अडत चालवायचे. त्यांनी अट घातली की पुस्तकं महिनाभर बालवाडीत ठेवून बघायची. मुलांनी वापरली तर पुढच्या वर्षी आणखी घ्यायची, नाहीतर पैसे पुन्हा कादंबऱ्यांकडे.

नियमाप्रमाणे गठ्ठा बाइंडरकडे गेला. त्याचं मुख्य काम व्यापाऱ्यांच्या वह्यांचं. एवढी बारीक पुस्तकं त्याने कधी हाताळली नव्हती. आठवड्याने मी गेलो तेव्हा दोन्ही जाड पुस्तकं ठीक होती, पण चित्रांचं त्याने माझ्या हातात एकच पुस्तक ठेवलं. बाराच्या बारा एकत्र शिवलेली, वर लाल कापड. थेट अडत्याची खातेवही.

"सुटी कशाला ठेवायची?" तो म्हणाला. "पातळ पुस्तक म्हंजी दोन दिसांत पतंग. आता हे तुमच्या नातवालाबी पुरंल."

घरी बायकोने ते उलटसुलट करून पाहिलं. "अहो, तीस मुलं आणि एक पुस्तक. भागाकार तुम्हीच करा."

शिवण उसवता येईल का ते मी पाहिलं. पण आत सरस भरलेला होता. ओढलं असतं तर चित्रंच फाटली असती.

पहिले दोन दिवस मुलं त्याच्याजवळ फिरकली नाहीत. लाल वही मोठ्यांची, तिला हात लावायचा नाही, हे बाजारच्या गावात मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. मग एका हमालाची चार-पाच वर्षांची मुलगी पुस्तकासमोर मांडी घालून बसली. पाटीवरची पेन्सिल तिने कानावर खोचली आणि समोरच्या पोराला विचारलं, "बोला मामा, काय देऊ?"

"येक हत्ती."

तिने पानं उलटली. "हाय. नेणार कसा? पिशवी आणलीय का?"

"चालवत नेतो."

"मग शेपटी धरा. सुटला तर माल बदलून मिळणार न्हाई."

आठवड्याभरात सगळी बालवाडी रांगेत उभी राहू लागली. बायको मात्र काळजीत पडली. "आप्पा आले तर त्यांना वाचन दिसायचं नाही, दुकान दिसेल." मग तिने बालशिक्षणाचं जाड पुस्तक काढलं. त्यात म्हटलं होतं की मूल आपणहून खेळात रमलं असेल तर मोठ्यांनी मध्ये पडू नये. "एवढं मागवून घेतलंय, तर ऐकते त्याचं," असं म्हणून तिने ते मिटलं. त्या दिवसापासून ती दुकानापासून चार हात दूर बसायला लागली.

महिना भरल्यावर मी आप्पांना घेऊन गेलो. ती मुलगी गादीवरच्या शेटसारखी जागची हलली नाही.

"बोला आप्पा, काय पायजे?"

आप्पांनी टोपी सारखी केली. "मोर हाय का?"

"कंचा? नाचता का बसलेला?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. पुस्तकात मोर दोन आहेत हे मलाही माहीत नव्हतं.

"नाचता दे."

तिने एवढं जाडजूड पुस्तक नेमकं त्याच पानावर उघडलं. "ह्यो बघा. पर याच्यासंगं ढग घ्यावा लागंल. ढगाबिगर नाचत न्हाई त्यो."

"अगं, मला मोर पायजे. ढग घेऊन काय करू?"

"मग बसलेला न्या."

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आप्पा, लाइनीत या की. आमी कवाचं उभं हाय."

आप्पा खरंच रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. बायकोने पदर तोंडाला लावला होता.

परतताना एसटी स्टँडपाशी ते थांबले. म्हणाले, "एवढ्या गिऱ्हाइकाला येक दुकान पुरायचं न्हाई. पुढल्या साली आणखी घ्या, आन् सुटी राहू द्या. बाइंडरला मी सांगतो."

बाइंडरला ते लागलं. "टिकायची न्हाईत, आत्ताच सांगून ठेवतो," तो म्हणाला.

आणि नाहीच टिकली. पुढच्या वर्षी आलेल्या सुट्या पुस्तकांची दुसऱ्या दिवाळीपर्यंत निम्मी पानं गळाली होती. ती पुस्तकं नोंदवहीतून रद्द करायचा विषय मी वाचनालयाच्या बैठकीत मांडला.

"फाटली कशानं?" आप्पांनी विचारलं.

"वापरून."

"मग नवी मागवा," ते म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.