छातीइतकं पाणी

शिट्टीमामांना घरात कुणी मोठ्यानं हाक मारत नसे. गरजच पडत नसे. हाक तोंडातून बाहेर पडायच्या आत माणूस समोर हजर. शहराच्या सार्वजनिक तलावावर, उंच खुर्चीत बसून त्यांची सगळी नोकरी गेली होती. दुसऱ्यांची पोरं पाण्यात डुंबायची आणि मामा कोरडे ठणठणीत बसायचे. डोक्याला टोपी, नाकावर पांढरं मलम, गळ्यात शिट्टी. ओल्या फरशीवर कुणी पळालं की ती शिट्टी अशी वाजायची, की तेव्हा थबकलेली पोरं आता स्वतः आईबाप झाली, तरी रस्त्यात मामा दिसले की आपोआप हळू चालायला लागतात.

लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणत, "सुट्टीच्या दिवशी तलावावर गर्दी. मुलगी बघायला जाणार कधी?"

निवृत्त झाले तसे ते धाकट्या बहिणीकडे राहायला आले. बहिणीचं पाळण्यातलं नाव आता कुणाच्या लक्षात नव्हतं. लहानपणी अंगानं बारीक आणि तोंडानं अखंड चिवचिवाट, म्हणून मामांनी तिला चिमणी म्हणायला सुरुवात केली, ते पन्नाशी उलटली तरी सुटलं नाही. तिचा नवरा फर्निचरच्या दुकानात सोफे विकायचा. गिऱ्हाईक नुसतं बसलं की याला त्याच्या पाठीचं दुखणं कळायचं. मामा त्याला माघारी 'सोफासेट' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

त्या वर्षी त्यांची मुलगी, म्हणजे मामांची भाची, बदली होऊन आपल्या चार वर्षांच्या पोरीला घेऊन माहेरी राहायला आली. उन्हाळा कडक होता. पोरगी दिवसभर परसात बादलीत बसून राही, आणि बादली तिला पुरेनाशी झाली होती. एका रविवारी जेवताना भाची म्हणाली, "बाबा, मागे एवढी जागा रिकामी पडलीय. एक छोटासा टँक करूया का? पोहायचा."

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं.

"नाही," मामा म्हणाले आणि जेवत राहिले.

"का पण?"

"पाणी घरात आणलं, की कुणाला तरी सतत जागं राहावं लागतं. ते काम मी केलंय. घरात कुणाला ते करायला लावणार नाही."

पण सोफासेटचे डोळे चमकले होते, आणि हौसेला मोल नसतं. आठवड्याभरात तो कुठूनसा एक जाडजूड रंगीत कॅटलॉग घेऊन आला. त्यात काजूच्या आकाराचे टँक होते, घसरगुंड्या होत्या, दगडातून पडणारा धबधबा होता, रात्री रंग बदलणारे दिवे होते. तो एकेक पान मामांपुढे धरायला लागला.

"काजू खायला बरा," मामा म्हणाले. "या आतल्या वळणात पाणी नुसतं बसून राहतं. तिथं शेवाळ धरतं. ते घासणार कोण, मेहुणे?"

"आणि धबधबा?"

"त्याच्या दगडांत पालापाचोळा अडकतो."

"दिवे?"

"दिव्यांना काय, किडे येतात. सकाळी जाळी घेऊन ते काढायचे."

सोफासेट हिरमुसला. पण मामांची गंमत अशी, की नाही म्हणता म्हणता त्यांच्या डोक्यात टँक शिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणी खिडकीतून पाहते तो दादा परसात जाड दोरी अंथरतोय. एक लांबट चौकोन, साधा, कोपरे तेवढे गोल. चौकोनात त्यानं तिची जुनी पांढरी चादर पसरली आणि चार टोकांना विटा ठेवल्या.

"हे काय रे?"

"वारा काय काय आणून टाकतो ते बघायचंय."

ती चादर तिथं कितीतरी दिवस होती. रोज सकाळी मामा तिच्याकडे पेपर वाचल्यासारखे बघायचे. बदामाच्या झाडाखाली पानंच पानं; म्हणून चौकोन झाडापासून दूर सरकला. मग कपडे वाळत घालायच्या तारेखालून सरकला. मग अशा जागी आला की स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचा कोपरा न् कोपरा दिसावा. तिथं जी काही थोडी पानं पडत ती सगळी एकाच बाजूला गोळा होत. पाणी गाळायच्या पंपाचं तोंड त्या बाजूला ठेवायचं, म्हणजे निम्मं काम वाराच करेल, असं त्यांनी ठरवलं.

हे सगळं चाललं असताना घरातली माणसं त्या दोरीला भिंत समजून चालू लागली. सोफासेट संध्याकाळी चादरीच्या कडेला खुर्ची टाकून बसे. पोरगी दोरीच्या आत पोटावर झोपून हात मारी, आणि शेजारीण कुंपणावरून विचारी, "पाणी कसंय?"

खरी वादावादी झाली ती दोन गोष्टींवरून. सोफासेटला एका टोकाला खोल पाणी हवं होतं आणि वर उडी मारायची फळी. मामांना एक उंच खुर्ची हवी होती.

"खोल पाणी म्हणजे धोका," मामा म्हणाले.

"आणि ती खुर्ची म्हणजे काय? माझ्या घरात मी पहाऱ्यात पोहू?"

"पाणी आहे तिथं खुर्ची पाहिजे."

"दादा, तुम्ही आयुष्यभर उंटावरून शेळ्या हाकल्यात. इथं शेळ्या घरच्या आहेत."

मामांचा चेहरा पडला. सोफासेटला बोलून गेल्यावर कळलं, पण शब्द निघून गेला होता. दोन दिवस घरात दोघंही पोरीच्या मार्फत बोलत होते. "आजोबांना सांग मीठ द्या." "मामाआजोबांना सांग घ्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा दोरी गुंडाळायला परसात गेले. चिमणी मागोमाग आली आणि चादरीवर मध्यभागी उभी राहिली.

"गुंडाळतोस काय? आधी मला एक सांग. मला पोहता येतं का?"

मामांनी विचार केला आणि ते गोंधळले. "तुला... नाही ना?"

"नाही. शहरातली निम्मी पोरं तू वरून सांगून सांगून शिकवलीस. मी रोज तुझा डबा घेऊन यायचे आणि जाळीबाहेर उभी राहायचे."

"मग विचारायचंस की मला."

"तू खुर्चीत असायचास. खुर्चीतल्या माणसाशी बोलायचं नाही, अशी खाली पाटी होती."

ती पाटी मामांनीच हट्टानं लावून घेतली होती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. पण इथं तर विकत घ्यायला बहीण रोज दारात उभी होती आणि दुकानदाराला पत्ता नव्हता.

"म्हणून सांगते," चिमणी म्हणाली, "मला खुर्ची नको आणि फळीही नको. मला पाय टेकतील एवढं पाणी हवं. या वयात मी पाण्यात पडले तर ते शिकण्यासाठी पडेन, बुडण्यासाठी नाही."

मामा आत गेले आणि लांब दांड्याचा झाडू घेऊन आले. बहिणीला भिंतीला टेकून ताठ उभं केलं, झाडूचा दांडा तिच्याशेजारी धरला आणि तिच्या छातीच्या उंचीवर पेन्सिलीनं रेघ मारली. "एवढं पाणी. इथपासून तिथपर्यंत, सगळीकडे सारखंच."

सोफासेट दारातून हे बघत होता. तो पुढे आला, घसा खाकरला आणि म्हणाला, "दादा, एक सुचवू? पोहून दमलं की माणसाला बसावंसं वाटतं. एका बाजूला, पाण्याच्या आतच, भिंतीला लागून लांब ओटा काढला तर? गुडघे काटकोनात राहतील एवढ्या उंचीचा. पोरगीही त्यावर उभी राहील, तिला कमरेइतकं पाणी होईल."

मामांनी त्या जागेकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी पाण्यात पोहणारे पाहिले होते, दमणारे पाहिले होते, कडेला लोंबकळणारे पाहिले होते. पण पाण्यात निवांत बसायला जागा असावी, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"टेकायला पाठ तिरकी लागेल ना?" त्यांनी विचारलं.

"किंचित," सोफासेट म्हणाला, आणि दोघं चादरीवर मांडी घालून बसले ते अंधार पडेपर्यंत उठले नाहीत.

ठेकेदार आला तेव्हा त्यानं विचारलं, "खोली किती ठेवायची?" मामांनी त्याच्यापुढे झाडू धरला. ठेकेदार बराच वेळ झाडूकडे आणि मग मामांकडे बघत राहिला. खोदकाम निम्म्यावर आल्यावर तो म्हणाला, "मशीन आलंच आहे, तर आणखी हातभर खाली जाऊ. पुढे पोरगी मोठी होईल, तेव्हा हळहळ नको." मामा तोंड उघडणार, तोच सोफासेट म्हणाला, "नको. आमच्या बाईसाहेबांची उंची काही वाढायची नाही."

टँक झाला तो अगदी साधा. फिकट राखाडी, गुळगुळीत, हात फिरवला तर कुठं अडकणार नाही असा. फरशीचं नक्षीकाम नाही, कारंजं नाही. रुंद पायऱ्या, धरायला दांडा, एका बाजूला तो ओटा. पंप अशा उंचीवर की तो साफ करायला वाकावं लागू नये. भोवती कुंपण, त्याला आपोआप मिटणारं फाटक आणि पोरीचा हात पोचणार नाही एवढी उंच कडी. वापर नसेल तेव्हा पाण्यावर ओढायचं जाड आच्छादन, त्यावर माणूस उभा राहिला तरी ते दबणार नाही. एवढं झाल्यावर सोफासेटनं फार गयावया केल्यामुळे मामांनी तळाला एक निळा मासा रंगवायची परवानगी दिली. एकच. मासा काढला सोफासेटनंच, आणि तो थोडा उशीसारखा झाला.

पाणी भरून निवळल्यावर पहिल्या दिवशी सगळे उतरले. सोफासेट सरळ ओट्यावर जाऊन बसला. भाची पोरीला घेऊन त्याच्याशेजारी. चिमणी पायऱ्या उतरून दांडा धरून उभी राहिली. पाणी बरोबर छातीला लागलं, तरी तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मामा तेवढे काठावरून फिरत होते. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"श्वास घे. खांदे सैल सोड. मान मागे टाक."

"दादा, वरून नको सांगूस," चिमणी म्हणाली. "आत ये."

मामा थांबले. मग टोपी काढून कुंपणाच्या खांबाला अडकवली आणि पायऱ्या उतरले. त्यांनी बहिणीच्या पाठीखाली एक हात धरला, मानेखाली दुसरा. ती आधी लाकडासारखी ताठ झाली. त्यांनी घाई केली नाही. पाणी तिच्या कानांपर्यंत आलं, तिनं डोळे घट्ट मिटले, आणि हळूहळू तिची बोटं उलगडली. मामांच्या हातावरचा भार कमी कमी होत गेला.

"सोड आता," ती डोळे मिटूनच म्हणाली.

"राहू दे की थोडा वेळ."

"दादा, सोड."

त्यांनी हात काढले. चिमणी पाण्यावर तशीच राहिली. पांढरे केस भोवती पसरलेले, चेहरा उन्हाकडे.

ती उभी राहिली तेव्हा हसत होती, नाकातोंडातून पाणी गळत होतं. नवरा तिच्याकडे असा पाहत होता, की जणू कालच लग्न झालंय. मामा मात्र सवयीनं लगेच वळले: भाची, पोरगी, मेहुणे, पुन्हा पोरगी.

"मामा," भाची म्हणाली, "मी बघतेय ना हिच्याकडे. तुम्ही पोहा."

मामांना ते वाक्य लगेच कळलंच नाही. इतक्या वर्षांत कुणी त्यांना ते म्हटलं नव्हतं. "मी बघतेय" हे म्हणणारे नेहमी तेच असत. ते क्षणभर भाचीकडे पाहत राहिले. तिचा एक हात पोरीच्या दंडाला होता, नजर पक्की. मग त्यांनी भिंतीला पाय लावला आणि सुटले. चार हात मारले की समोरची भिंत यायची. तिथून वळले. पुन्हा वळले. थोड्या वेळानं ते पाठीवर झाले आणि त्यांनी डोळे मिटले. पाण्यात असताना, आजूबाजूला माणसं असताना, डोळे मिटायची त्यांची ही पहिलीच वेळ. कान पाण्याखाली होते, त्यामुळे चिमणीची चिवचिव कुठूनशी लांबून येत होती.

त्यानंतर त्या टँकचं फारसं काही करावं लागलं नाही. सकाळी जाळी फिरवायची, पंपाची टोपली रिकामी करायची, आठवड्यातून एकदा पाणी तपासून औषध टाकायचं. चहाला उकळी यायच्या आत मामांचं काम उरकतं. सोफासेट दुकानातून आला की ओट्यावर तासभर बसतो आणि गिऱ्हाइकांना सांगतो, की बसण्यातलं खरं सुख पाण्यात आहे. भाचीची पोरगी आता भिंत सोडून आजीपर्यंत जाते.

आणि चिमणी उन्हाळा संपेपर्यंत इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत पोहायला लागली. मान वर, तोंड मिटलेलं, अगदी गंभीर. एकदा पाण्यात शिरली की बाहेर येत नाही. संध्याकाळचा चहा त्यामुळे हल्ली मामाच करतात. तिचा कप काठावर आणून ठेवतात आणि शेजारी पाय पाण्यात सोडून बसतात. चहा निवतो, पण ते तिला घाई करत नाहीत.