चुलतसासरे सहमत नाहीत

माझ्या चुलतसासऱ्यांइतका सावध माणूस अख्ख्या बडोद्यात झाला नाही. मंगलाष्टकांतलं ‘सावधान’ सगळेच ऐकतात. काकांनी ते पाळलं. बाजव्याकडच्या एका कारखान्यात जन्मभर कंत्राटं तपासण्याचं काम केल्यामुळे की काय, वाचल्याशिवाय आणि पटल्याशिवाय कशालाच हो म्हणायचं नाही, हा त्यांचा बाणा होता. सिनेमाच्या तिकिटामागचे नियम ते बाहेर उभे राहून वाचत आणि मग सुरुवात चुकली म्हणून चिडत. दांडिया बाजारात कुणी ‘केम छो, मजामां?’ म्हटलं की सगळं गाव ‘मजामां’ म्हणून पुढे सरकतं. काका थांबत, स्वतःचा आढावा घेत आणि म्हणत, “डावा गुडघा सोडून, मजामां.” लग्नाच्या पंगतीत वाढप्याने “जिलबी?” विचारलं, तर “कधी तळली?” हा प्रतिप्रश्न ठरलेला. तोवर जिलबी चार पानं पुढे गेलेली असे.

त्यांच्या एकुलत्या मुलीने गावातल्याच वासणा भागातल्या एका गुजराती मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हाही घरात आदळआपट झाली नाही. “माझा विरोध नाही,” काका म्हणाले, “मी सहमत नाही, इतकंच.” लग्नात ते पहिल्या रांगेत बसले, श्रीखंड दोनदा मागून घेतलं आणि शेवटपर्यंत असहमत राहिले. मुलगी नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. तिचा फोन आला की बापलेक हवेविषयी बोलत आणि रिसीव्हर काकूंकडे जाई. जावयाचा विषय काका काढत नसत.

इंटरनेट घरोघरी टेलिफोनच्या तारेतून कण्हत-कुंथत येत असे, त्या दिवसांतली गोष्ट. दिवाळीत मुलीने आईला कळवलं, की तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात तिने ‘आमचे बाबा’ नावाचा लेख लिहिलाय आणि तो इंटरनेटवर आहे. माझा जुना कॉम्प्युटर काकांकडे होताच. पण पान उघडलं, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि डॉलरच्या खुणा! मराठी दिसण्यासाठी प्लगइन नावाचं काहीतरी ब्राउझरला जोडावं लागे, आणि ते काही केल्या जोडलं जाईना. काकू रोज त्या डॉलरांकडे बघून डोळे पुसत. शेवटी मला बोलावणं आलं. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मला फाडल्याशिवाय काढता येत असे, म्हणून सासरी मी कॉम्प्युटरमधला तज्ज्ञ समजला जाई.

मी बाह्या सरसावल्या. जुनं पुसलं, नवं उतरवलं, मशीन बंद करून चालू केलं, मोडेमला एक चापटही मारली. प्रत्येक वेळी गाडी जवळजवळ पोचे. मग पडद्यावर बारीक इंग्रजी मजकूर उगवे, काका म्हणत, “उठा जावईबापू, हे मी बघतो,” आणि मी स्वयंपाकघरात चकल्यांकडे वळे. परत येऊन पाहावं, तर ‘काम अपुरं राहिलं’ अशी पाटी! एकदा मात्र मी तोंडात चकली घेऊनच लवकर परतलो, आणि काकांचा माउस कुठे टेकलाय ते दिसलं. ‘आय डू नॉट अ‍ॅग्री’वर.

“काका! हे काय केलंत?”

“वाचलं. पटलं नाही. नाही म्हटलं.”

“अहो, नाही म्हटल्यावर ते बसणार कसं?”

“मग विचारतात कशाला? नाही म्हणायचं नसतं, तर ते बटण ठेवलं असतं का? माल आहे तसा घ्या, बिघडला तर आम्ही जबाबदार नाही! मी वांगी अशी घेत नाही.”

काकू पिठाच्या हातांनीच दारात आल्या. “लेकीच्या लग्नातही हेच बटण दाबलंत. तिचं अडलं का काही? तिने काय लिहिलंय ते मला वाचायचंय. हो म्हणा.”

“काही अटींवर...”

“नुसतं हो.”

काकांनी चष्मा पुसला. “जावईबापू, तुम्ही जरा खिडकीबाहेर बघा,” ते म्हणाले. मी पाहिलं. मागे टक् असा आवाज झाला.

थोड्या वेळाने डॉलर विरघळले आणि त्यांच्या जागी काना, मात्रा, वेलांट्या उभ्या राहिल्या. काकू मोठ्याने वाचू लागल्या. बाबांनी लग्नाला कधीच संमती दिली नाही, मुलीने लिहिलं होतं. पण हॉलवाल्याचा करार मात्र त्यांनीच तपासला आणि पाऊस आला तर मंडपाचं छत हॉलवाल्याने घालायचं, असं भांडून लिहून घेतलं. पाऊस आला. एकही पाहुणा भिजला नाही. ‘माझे सासरे आजही त्या छताची आठवण काढतात,’ असं शेवटचं वाक्य होतं.

काकांनी स्वतः इंटरनेट तोडलं, फोन मोकळा केला आणि अमेरिकेचा नंबर फिरवला. तिकडे सकाळ असणार. “वाचलं,” ते मुलीला म्हणाले. “बराबर आहे. जावयांना दे जरा.”

पलीकडे तो मुलगा बहुतेक उभाच राहिला असेल. काका रिसीव्हर कानाला लावून बसून होते.

“अहो, बोला ना काहीतरी,” काकू कुजबुजल्या.

“बोलतोय,” काका म्हणाले आणि पुन्हा गप्प झाले.

मी चपला पायात सरकवल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.