बुधवारच्या बाजारात गंगा आली तेव्हा

नाशिकला जायचं माझ्या मनात होतं ते गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारासाठी. लीलाआत्याला मी जवळजवळ ओढूनच नेलं. अण्णा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. गुडघे दुखतात हे कारण होतंच, त्यात घरातले सगळे तिला सारखं "तू बस गं, आम्ही करतो" म्हणायचे. मीसुद्धा.

मंगळवारी सकाळी पुण्याहून एसटीने निघालो. नारायणगावला चहा झाला. सिन्नरच्या पुढे पावसाची भुरभुर लागली, ती नाशिकपर्यंत. नाशिकच्या द्वारका चौकात उतरून रिक्षा केली. आधी भाडं ठरवून घ्या, चौकातल्या गर्दीत घासाघीस सुचत नाही. पंचवटीत साधा, स्वच्छ लॉज मिळाला. नदी जवळ हवी असेल तर याच भागात राहा.

बुधवारी सकाळी दही-पापडाची मिसळ खाऊन निघालो. इथे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. "गंगेवर चाललात का?" असंच विचारतात. नारोशंकराच्या देवळाची प्रचंड घंटा पाहिली, भांडी बाजारात तांब्याच्या घंगाळांवरून हात फिरवला आणि मग पायऱ्या उतरून घाटावर आलो.

जुन्या दगडी ओवऱ्यांच्या पुढ्यात, थेट नदीच्या काठावर, बाजार पसरला होता. ताडपत्र्यांखाली मसाले, सुकी मिरची, लसूण. पेठ तालुक्यातून आलेल्या बायकांच्या टोपल्यांत रानभाज्या. मिरचीवाल्या हिराबाईंनी आत्याला बसायला पाट दिला.

"पाण्याच्या इतक्या जवळ दुकान लावता, भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"भ्या कशाचं? तो दुतोंड्या मारुती हाय ना," त्यांनी नदीपात्रात उभ्या असलेल्या मोठ्या मूर्तीकडे बोट केलं. "पानी त्याच्या गुडघ्याला लागलं की आम्ही आवरायला घेतो. कमरेला आलं की इथं कुनी दिसायचं नाय."

मला तो मारुती जवळून बघायचाच होता. आत्याला हिराबाईंपाशी बसवून मी निघाले. फोटो काढता काढता बरीच पुढे गेले. तेवढ्यात भोंग्यावरून आवाज आला. धरणातून पाणी सोडलंय, काठावरच्यांनी माल हलवावा.

बाजार एकदम उसळला. ताडपत्र्यांच्या दोऱ्या सुटू लागल्या, बांबू खाली आले, डोक्यावर पोती घेऊन माणसं पायऱ्या चढू लागली. मी गर्दीच्या उलट्या दिशेने धावत सुटले. हिराबाईंच्या जागेवर फक्त सांडलेली मिरची होती. पाट नाही, आत्या नाही. आत्याला फोन लावला तर तिचा फोन माझ्याच पिशवीत वाजला.

पाणी खालच्या पायरीवर आलं होतं. गढूळ, आवाज न करता चढणारं. "निळ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या बाई पाहिल्यात का?" मी दिसेल त्याला विचारत होते.

"त्या पोत्यांवाल्या मावशी? वर रस्त्यावर हायेत," लसणाची गोणी उचलत एक माणूस म्हणाला.

वर भिंतीला लागून पोत्यांची रास होती आणि राशीपुढे पाटावर आत्या. चार-पाच दुकानांचा माल तिच्यावर सोपवलेला. "ते इकडे नको, ते लसूणवाल्याचं! मिरची भिंतीकडे ठेवा, वर ताडपत्री टाका," ती खणखणीत आवाजात सांगत होती. मला पाहिलं आणि म्हणाली, "उभी काय राहिलीस? हिराबाईंची हळद खाली ओवरीत राहिलीय. जा!"

मी गेले. हिराबाई आणि मी मिळून दोन पोती चढवली. तिसऱ्यासाठी वळलो, तर ते अर्धं पाण्यात होतं. हिराबाई तिथेच थांबल्या. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, पण बराच वेळ त्या तिकडेच बघत राहिल्या. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं होतं.

परतीच्या बसमध्ये आत्याच्या नखांत मिरचीची भुकटी होती आणि ती सारखी शिंकत होती. "तुला एवढं कुणी करायला सांगितलं?" मी म्हटलं.

"हिराबाईंनी. 'मावशी, मालाकडं बघा' म्हणाल्या अन् गेल्या. चढता येईल का, विचारलंसुद्धा नाही." हे सांगताना ती खूश होती.

तुम्ही जाणार असाल तर बुधवारीच जा, आणि पावसाळ्यात धरणाची बातमी बघून निघा. मी कितीतरी गोष्टी बघायच्या ठरवल्या होत्या. काळाराम मंदिर राहिलं, सुंदरनारायणाचं देऊळ लांबूनच पाहिलं. त्याची हळहळ वाटत नाही. घरी आल्यावर मात्र मी आत्याला "तू बस" म्हणणं सोडलंय. जड जातं, पण सोडलंय.

परवा हिराबाईंचा फोन आला, तो आत्यासाठी. मी स्पीकरवर लावला.

"पानी उतरलं, मावशी. सगळा गाळ झालाय, काढतोय."

"आणि बाजार?" आत्याने विचारलं.

"बुधवारी बसनार की!"